टिळ्याखालचा नंबर

कोल्हापुरात ज्याच्या घरी म्हणून जुनं हत्यार आहे, त्याच्या पणज्याला ते कुणीतरी खूश होऊन दिलेलं असतं. वाघ मारला म्हणून, कुस्ती मारली म्हणून, नाहीतर साहेबाचा घोडा उधळला तेव्हा लगाम धरला म्हणून. सरळ दुकानात जाऊन विकत घेतलं, असं सांगणारा माणूस अनुजाला अजून भेटायचा आहे. ती सगळं ऐकून घेते, मान डोलावते. मग रिव्हॉल्व्हर उजेडाला धरल्यावर नळीवर मुंबईच्या दुकानदाराचं नाव कोरलेलं दिसलं, की ते गिऱ्हाइकाला दाखवायचं का नाही, हे ती त्याच्या मिशीकडे बघून ठरवते.

दुकान पापाच्या तिकटीपासून आत वळणाऱ्या एका बोळात आहे. पाटीवर ‘गणपतराव लोहार, बंदूक दुरुस्ती’ एवढंच. गणपतराव म्हणजे तिचे वडील. अख्खा बोळ त्यांना तात्या म्हणतो, तीही म्हणते. नवं गिऱ्हाईक आत डोकावतं, टेबलामागं साडीतली चाळिशीची बाई बघतं आणि विचारतं, मालक न्हाईत व्हय? अनुजा म्हणते, बसा. ती बी.कॉम. झाली, तेव्हा परवान्यांचे कागद सांभाळायला म्हणून दुकानात आली होती. लग्न होऊन कळंब्याला गेली, दोन पोरं झाली, नवऱ्याला शाळेत चित्रकलेची नोकरी लागली, आणि ती कागदांवरून कधी हत्यारांवर सरकली ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही. रोज सकाळी स्कूटीवरून येते, येताना बसवाण्णाच्या देवळापाशी हात जोडते आणि कुलूप काढते.

जुनं रिव्हॉल्व्हर बघायची तिची एक रीत आहे. ते रिकामं आहे ना, एवढं आधी उघडून बघायचं, आणि हात काढून घ्यायचा. मग फडक्यावर ठेवून नुसतं बघत बसायचं. पोलादावरची निळसर काळी झिलई कडांवरचीच उडालेली असली तर ते कातड्याच्या म्यानात आतबाहेर होऊन झिजलंय, म्हणजे कुणीतरी कमरेला लावून खरंच फिरलंय. सगळीकडची सारखीच गेलेली असली तर घरच्या बायकांनी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून उजळलंय. अशी उजळलेली हत्यारं आली की अनुजा आधी तेलाची बाटली शोधते. मालक मात्र म्हणतो, बघा कसं चकचकीत ठेवलंय. त्यानंतर खुणा. पंख फुटलेल्या गोळीचा शिक्का असला तर कारखाना कळतो. मुकुटाखाली अक्षरं असली तर नळी विलायतेत दारू उडवून तपासलेली असते. शिक्क्याच्या कडा बोथट झाल्या असतील, तर कुणीतरी वरून घासलंय. शेवटी नळीच्या बुडाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरायचा, म्हणजे आतल्या आट्यांवरून उजेड वळत वर येतो आणि कुठं गंज बसलाय ते दिसतं. घोडा हळूहळू ताणायचा आणि गोळ्यांची चक्री आपल्या जागी येऊन अडकते का, ते कानानं ऐकायचं.

हे सगळं ती तात्यांच्या शेजारी बसून शिकली, पण तात्यांना स्वतःला यातलं काही कधी करावं लागलं नाही. तात्या हत्यार हातात घ्यायचे, दोनदा उलथंपालथं करायचे आणि म्हणायचे, हे आजऱ्याचं, हे कागलचं, ह्याच्या मुठीत नवा स्क्रू मी घातलाय. नंबर बघायला त्यांना कधी चष्मा लागला नाही, कारण त्यांनी नंबर कधी बघितलाच नाही.

आता नंबराची गोष्ट सांगायलाच पाहिजे. या भागात खंडेनवमीला हत्याराची पूजा चुकत नाही. घरात ट्रॅक्टर असो, तलवार असो, नाहीतर नुसता विळा. त्याला हळदकुंकू लागतंच. पूर्वी लोक रिव्हॉल्व्हरच्या चक्रीवर, घोड्यावर, वाटेल तिथं ओलं हळदकुंकू फासायचे. ते सांध्यात जाऊन बसायचं, आणि दिवाळीपर्यंत निम्म्या जिल्ह्याची हत्यारं जाम होऊन दुकानात यायची. तात्यांच्या वडिलांनी वैतागून प्रत्येकाला ताकीद दिली, टिळा लावायचा तर चापाच्या वर ही सपाट जागा आहे, इथंच लावायचा. लोकांनी ऐकलं. हत्यारं जाम व्हायची थांबली. पण बहुतेक रिव्हॉल्व्हरवर कारखान्यानं नंबर ठोकलेला असतो तो नेमका त्याच सपाट जागेवर. ओला टिळा दसरा उलटेपर्यंत तसाच राहायचा आणि पोलाद खायचा. वर्षाला नखाएवढंही नाही, पण अशी वर्षं किती गेली. आज या दुकानाच्या आज्ञेत वागलेल्या प्रत्येक घरातल्या हत्यारावर नंबराचे पहिले आकडे दिसतात, आणि शेवटच्यांच्या जागी खड्डा. परवान्याच्या नूतनीकरणाला कागदावरचा आकडा मनात धरून तिरप्या उजेडात बघितलं, की मनातला आकडा खड्ड्यात दिसतोच.

तात्यांचं वय झालं. आधी चहात साखर दोनदा पडायला लागली. मग ते अनुजाला तिच्या गेलेल्या आईच्या नावानं हाक मारायला लागले, आणि एकदा भर दुपारी महाद्वार रोडवर उभे राहून घरी कुठून जायचं ते आठवत राहिले. अनुजाचा धाकटा भाऊ मोहित राजारामपुरीत औषधाचं दुकान चालवतो. तो शांत माणूस, पण या बाबतीत त्यानं स्पष्ट सांगितलं. किराण्याचं दुकान असतं तर काही नव्हतं, साखरेच्या जागी रवा गेला तर माणूस परत आणून देतो. इथं हत्यारं आहेत, एक चूक झाली की परवाना गेला आणि तात्यांचं नावही गेलं. तात्यांना घरी बसव, असं त्याचं म्हणणं. अनुजा म्हणाली, हत्यार हातात आलं की ते चुकत नाहीत, बाकीचं काय विसरायचं ते विसरू देत. भाऊ म्हणाला, आणि चुकले तर? ती म्हणाली, तर मीच त्यांना घरी बसवीन. हे बोलताना तिला पक्की खात्री होती की अशी वेळ यायची नाही. तात्यांना दुकानातून उठवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रविवारी दुकान बंद असलं की ते घरात पायताण घालून बसून राहायचे, कुठंतरी निघाल्यासारखे.

वेळ आली ती दसरा झाल्यावर. आजऱ्याकडून एक म्हातारी आणि तिचा नातू आले. म्हातारी म्हणजे शालूबाई देसाई. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकवाचं गोंदण, आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर, जे खरं तर नातवाच्या हातात असायला पाहिजे होतं, कारण परवाना त्याच्या नावावर होता. नातू यशराज काजूचा कारखाना बघतो. तो दारातूनच ओशाळं हसत आत आला. आज्जीनं जीव खाल्लाय म्हणून आणलंय, असं म्हणाला. शालूबाई खुर्चीत बसल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या,

“पोरी, हे आमचं न्हवं.”

अनुजानं आधी त्यांना पाणी दिलं आणि मग विचारून विचारून सगळं काढून घेतलं. गेल्या विधानसभेच्या निवडणुकीत परवान्याची हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा जिल्ह्यातल्या बऱ्याच जणांनी आपली या दुकानात आणून ठेवली होती. देसायांचं रिव्हॉल्व्हरही त्यातच होतं. निवडणूक झाली, ते परत नेलं, कपाटात ठेवलं. वर्षभर कुणी त्याला हात लावला नाही. खंडेनवमीला शालूबाईंनी ते पाटावर मांडलं आणि पूजा करायला गेल्या, तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बोट बसेना. म्हणजे काय, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं. बोट जिथं जाऊन थांबायचं तिथं थांबलं नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. यशराज मधेच म्हणाला की आज्जीला हल्ली बरंच काही आठवत नाही, त्याला ती त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारते, आणि परवान्यावरचे आकडे जुळतातच की. शालूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तात्या आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. तिथूनच ते म्हणाले, “वैनी, ते तुमचंच हाय. माझ्या हातनं तसली चूक व्हायची न्हाय.”

शालूबाईंचे मालक तात्यांचे जुने दोस्त, त्यामुळं वैनी म्हणायचा हक्क होता, आणि आवाजातही काही खोट नव्हती. तरीही अनुजाच्या मनात काहीतरी खटकलं. तात्या स्टुलावरून उठले नव्हते. हातात घेतल्याशिवाय कुठल्याही हत्याराबद्दल एक शब्द न बोलणारा माणूस आज पाच हातांवरून निकाल देत होता. तिनं त्यांच्याकडे बघितलं, तर ते मुठी मांडीखाली घालून बसले होते. ते घाबरलेत, हे तिला त्या क्षणी कळलं आणि फार वाईट वाटलं.

तिनं रिव्हॉल्व्हर उघडून बघितलं, रिकामं होतं. फडक्यावर ठेवलं. विलायती वेब्ली, बत्तीस बोअरचं, शंभरीला आलेलं. पंखवाल्या गोळीचा शिक्का स्पष्ट, मुकुट स्पष्ट, नळीवर मुंबईच्या दुकानाचं नाव अर्धं. देसायांचं याच बनावटीचं, हे तिला माहीत होतं. तात्यांच्या वडिलांनी एकाच वेळी मागवलेल्या पेटीतली ही हत्यारं, त्यामुळं नंबरही लागोपाठचे. पहिले आकडे सगळ्यांचे एकच, फरक काय तो शेवटच्या दोनांत. आणि ते दोन टिळ्यानं खाल्लेले. यशराजचं बरोबर होतं, जेवढे दिसत होते तेवढे आकडे परवान्याशी जुळत होते. घोडा ताणून बघितला, चक्री जागेवर आली पण बोटानं जरा हलली. अशी सैल चक्री जुन्या हत्यारात असायचीच. एवढ्यावर कुणी हे दुसऱ्याचं म्हणू शकलं नसतं, आणि तसं म्हणायची अनुजाची इच्छाही नव्हती. तिला तात्या बरोबर निघायला हवे होते. तसं तिनं मनातल्या मनात देवाला सांगूनही टाकलं.

पण समोर बसलेली बाई हलत नव्हती. नातू उठायच्या तयारीत होता, तात्या भिंतीकडे बघत होते, आणि शालूबाई मात्र अनुजाकडेच बघत होत्या. त्यांना रिव्हॉल्व्हरची फार काळजी होती असं तिला वाटलं नाही. आपलं डोकं जाग्यावर आहे का नाही, एवढंच त्या या दुकानात विचारायला आल्या होत्या. त्या घरात त्यांचं बाकी सगळं एकेक करून काढून घेतलं गेलं असणार, आधी किल्ल्या, मग बाजार, मग पाहुण्यांचं करणं. वर्षातून एकदा हत्याराला हळदकुंकू लावणं तेवढं राहिलं असेल.

अनुजा उठली आणि दुकानाच्या देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आली. वाटीत चार थेंब पाणी घेतलं.

“आज्जी, खंडेनवमीला लावता तसं लावून दाखवा.”

शालूबाईंनी पदर सारखा केला. करंगळीशेजारच्या बोटानं ओली हळद घेतली, हत्याराच्या सपाट जागेवर टेकवली, मग कुंकू घेऊन त्या हळदीच्या शेजारी, जरा खाली, दुसरं बोट टेकवलं. दोन ठिपके पडले. त्यांनी हात जोडले. एवढं करताना त्या कुठंही अडखळल्या नाहीत आणि कुठं लावायचं ते बघायलाही लागलं नाही.

अनुजानं भिंग डोळ्याला लावलं. पोलादातला खड्डा तिला आता नीट दिसला. तो लांबट होता, खालून वर गेलेला, अंगठा टेकवून वर ओढल्यावर जसा टिळा उमटतो तसा. शालूबाईंची हळद त्या खड्ड्याच्या जेमतेम काठावर पडली होती, आणि कुंकू तर चांगल्या, न खाल्लेल्या झिलईवर बसलं होतं. सासू असल्यापासून नव्हे, सून होऊन आल्यापासून ही बाई दोन बोटं टेकवत होती. तिच्या सासूनंही तसंच लावलं असणार. देसायांच्या हत्यारावर दोन वाटोळे खळगे पाहिजे होते, शेजारी शेजारी. इथं एक उभा चर होता. हे पुरुषाच्या हातचं पूजलेलं हत्यार होतं, दुसऱ्या घरातलं.

तिनं भिंग खाली ठेवायला उशीर लावला. ठिपके ओल्या फडक्यानं पुसले, कोरड्यानं टिपले, वर तेलाचा हात फिरवला. उद्या या, नीट बघून सांगते, असं म्हणता आलं असतं. यशराज ते आनंदानं कबूल करून आजीला गाडीत बसवून घेऊन गेला असता, आणि आजऱ्याला पोचेपर्यंत घरात ठरून गेलं असतं की म्हातारीचं डोकं चाललं नाही. आणि आत्ता खरं सांगितलं, तर इथं कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं ठरून जात होतं. दोघांपैकी एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला पाडायचं, अशी ती तिढ्याची गोष्ट होती, आणि पाडायचा होता तो तिचा बाप. अनुजाला त्या म्हातारीचा क्षणभर रागसुद्धा आला. मग तिनं यशराजकडे बघून सांगून टाकलं.

“आज्जी बरोबर सांगत्यात. हे त्यांचं न्हाय.”

शालूबाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. यशराज मात्र चाचरायला लागला, परवाना, पोलीस, आता काय, असं एकात एक विचारायला लागला. तेवढ्यात तात्या स्टुलावरून उठले. टेबलाशी आले, रिव्हॉल्व्हर उचललं, उघडून बघितलं, मिटलं, आणि त्या सपाट जागेवरून अंगठा खालून वर नेला. मग पुन्हा एकदा नेला.

“हे अमरसिंहाचं,” ते म्हणाले. “वारणानगरच्या. त्येंच्यात अंगठ्यानं उभा टिळा लावत्यात. फोन लाव त्यास्नी, अनू.” आणि मग, शालूबाईंकडे न बघता, “चुकलं माझं, वैनी. हातात न घेताच बोललो.”

अमरसिंह म्हणजे शेतीखात्यातून निवृत्त झालेला गडगडाटी माणूस. त्यांचं नाव ऐकल्यावर अनुजाला लख्ख आठवलं. निवडणुकीनंतर आठवड्यानं त्यांचा मुद्दाम फोन आला होता. तात्यांच्या हाताला तोड नाही, माझं खिळखिळं हत्यार असं घट्ट करून दिलंय की चक्री केसभर हलत नाही, असं ते सगळ्या वारणानगराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होते. तात्या त्या दिवशी खूश होऊन दोन वेळा चहा प्याले होते. अनुजाही खूश झाली होती. नुसतं तेलपाणी केलं असताना चक्री घट्ट कशी होईल, हा विचार त्या खुशीत दोघांनाही शिवला नाही. घट्ट चक्री देसायांच्या रिव्हॉल्व्हरची होती.

चूक कशी झाली तेही मग तात्यांनीच सांगितलं. जमा झालेल्या हत्याराला नावाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली असते. दोरा ओल धरतो आणि पोलादावर गंजाची रेघ उठते, म्हणून तात्या परत द्यायच्या आधी चिठ्ठी सोडून प्रत्येक हत्याराला तेल लावायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचं वेगळं काही देत नव्हतं. त्या दिवशी दोन सारखी रिव्हॉल्व्हरं एकाच फडक्यावर होती आणि दोन चिठ्ठ्या बाजूला. हातानं ओळखायचं म्हणून तात्यांनी चिठ्ठ्यांकडे बघितलं नाही, आणि हातानं त्या वेळी ओळख दिली नाही. पुन्हा कुणी बघायचं नव्हतं, कारण तात्यांनी बघितलेलं या दुकानात कुणी पुन्हा बघत नसे.

पुढचे काही दिवस कागदांत गेले. पोलीस ठाण्यात अर्ज, दोन्ही घरांचे जबाब, दोन्ही रिव्हॉल्व्हरचे जवळून घेतलेले फोटो. अनुजानं काही लपवलं नाही. ठाण्यातल्या साहेबांनी ते दोन खळगे आणि उभा चर भिंगातून बघितले, बराच वेळ बघितले, आणि आपल्या गावाकडच्या हत्याराला कोण टिळा लावतं याची चौकशी करायला घरी फोन लावला. शेवटी समज देऊन, अदलाबदल दुकानातच दोन्ही परवानाधारकांच्या समक्ष करावी असं लिहून दिलं. परवाना वाचला. मोहितला हे सगळं कळल्यावर त्यानं फोन केला. तो रागावला नाही, तेच जड गेलं. त्यानं एवढंच विचारलं की तात्यांशी तू बोलतेस का मी बोलू. अनुजा म्हणाली, मीच बोलेन, देसायांचं देऊन झालं की बोलते.

काय बोलायचं ते तिनं स्कूटीवरून येताजाता जुळवलं होतं. तात्या, आता डोळे दमलेत, घरी आराम करा, मी संध्याकाळी येऊन सगळं सांगत जाईन. यात डोळ्यांचं तेवढं खोटं होतं, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन ते उत्तम झाले होते. प्रत्येक वेळी वाक्य कळंब्याच्या तळ्यापर्यंत ठीक यायचं आणि दुकानाच्या बोळात शिरलं की मोडायचं. तात्या या दिवसांत दुकानात येत होते, पण हत्याराला हात लावत नव्हते. गिऱ्हाईक आलं की अनूला विचारा म्हणायचे. एकदा त्यांनी सगळ्या पान्यांना तेल लावून ते ओळीनं मांडून ठेवले, आणि ओळ झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतले. ते बघून अनुजाला रडू आलं. चहा आणायला जाते म्हणून ती बाहेर पडली आणि बोळाच्या तोंडाशी उभी राहून डोळे पुसून परत आली, चहा न घेता. तात्यांनी चहाचं विचारलं नाही.

ठरलेल्या दिवशी अमरसिंह आधी आले. आधीच त्यांना कल्पना दिलेली असूनही त्यांचं तोंड उतरलं होतं. तात्यांनी घट्ट केलंय म्हणून ज्या हत्याराचं त्यांनी वर्षभर कौतुक केलं, ते आपलं नव्हतंच, हे त्यांना पचत नव्हतं. आपलं खिळखिळं रिव्हॉल्व्हर हातात आल्यावर त्यांनी चक्री हलवून बघितली, उभ्या चरावर अंगठा ठेवला, तो बरोब्बर बसला, आणि त्यांचा चेहरा निवळला. आमचंच आहे, म्हणाले, हे खिळखिळंच बरं. सही केली, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वारणेची एस.टी. गाठायला गेले.

मग यशराज आणि शालूबाई. यशराज यावेळी आजीच्या मागून आत आला. त्यानं तिला खुर्ची ओढून दिली आणि पिशवीही तिच्याच हातात राहू दिली. सह्या झाल्या. देसायांचं रिव्हॉल्व्हर टेबलावर फडक्यात होतं, चापाच्या वर दोन बारीक खळगे. अनुजानं ते उचलायला हात पुढं केला, तेव्हा शालूबाईंनी मान हलवली.

“तुज्याकडनं नगं, पोरी. तात्या देतील. दर बारीला तेच देत्यात.”

तात्या कोपऱ्यातून म्हणाले की आता अनूच देत जाईल, त्यांच्या हाताचं आता काही खरं नाही. हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की अनुजानं जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तिनं सांगायच्या आधीच ते मनानं दुकानातून उठले होते, आणि ती त्यांना अडवूही शकत नव्हती, कारण मोहितला शब्द तिनंच दिला होता.

शालूबाईंनी मात्र ते मानलं नाही. त्यांनी तात्यांकडे तोंड वळवलं. “मी गॅस चालू ठिवून अंगणात जाती, तात्या. दोनदा झालंय. सून लई बोलली. म्हून काय मी भाकरी थापायची सोडली व्हय? ती आता माज्या मागं हुबी ऱ्हाती, मी भाकरी करती. माज्याच हातच्या खात्यात समदी.” त्यांनी अनुजाकडे हनुवटी केली. “तुमची बी हाय की हितं. हुबी ऱ्हाऊ दे मागं. तुमी द्या.”

यशराज खाली बघत होता. तात्या उठले, फडकं उघडलं आणि थांबले. अनुजा टेबलामागून बाहेर आली आणि त्यांच्या खांद्यामागं जाऊन उभी राहिली. तात्यांनी रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याचं बघितलं, मिटलं, आणि शालूबाईंना देण्याआधी मागं तिला दिसेल असं उजेडात तिरपं धरलं. दोन खळगे होते, शेजारी शेजारी. अनुजा म्हणाली, “व्हय, तात्या,” आणि मग त्यांनी ते दिलं.